पाऊण मिलिओहमचे नाना

गणेशपुरीला माणसं नित्यानंद बाबांच्या समाधीच्या दर्शनाला येतात, नाहीतर गुडघ्यांसाठी. मी गुडघ्यांसाठी जातो. पहाटे कुंडातल्या कढत पाण्यात पाय सोडून बसलं की गंधकाच्या वासाने आधी नाक उघडतं, मग डोळे उघडतात, आणि डोळे उघडले की समोर नाना दिसतात. कमरेला पंचा, हातात सुतळी, सुतळीच्या टोकाला थर्मामीटर.

“काल याच कोपऱ्यात अर्धा अंश जास्त होता,” नाना सगळ्या कुंडाला उद्देशून सांगतात.

एकदा विरारहून आलेल्या एका आजींना ते सहन झालं नाही. “अहो, बाबांचं पाणी आहे ते. त्याला ताप आलाय का, म्हणून बघताय?”

“बाबांचं आहे म्हणूनच बघतो, आजी. माणसाचं असतं तर आकडा खोटा निघाला असता.” आजींनी हात जोडले. ते बाबांना की नानांना, हे वाफेत कळलं नाही.

नानांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. पद भूकरमापक. भिवंडी तालुक्यातले निम्मे बांध आणि त्या बांधांवरून एकमेकांशी न बोलणारे निम्मे भाऊ नानांनी मोजलेले आहेत. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, ही त्यांची संध्या. निवृत्त झाले तेव्हा साखळी सुटली, पण हात सुटेना. माणसं मापात पाप करतात. नानांना न मापण्यात पाप दिसतं. वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या 52 आहेत हे सगळं गाव सांगतं. नानांनी त्या चढताना एकदा आणि उतरताना एकदा मोजून गावाचं म्हणणं मंजूर केलं. वसई घेण्याआधी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, 1739 साली किल्ला पडला आणि देऊळ उभं राहिलं, ही कथा नानांना मान्य आहे. त्यांचा आक्षेप एवढाच, की नवस बोलताना क्षेत्रफळ बोललं गेलं नाही. “उद्या देवीने जास्त मागितलं असतं तर? नकाशा कुठे होता?”

ज्या गावात नित्यानंद बाबा एका लंगोटीवर राहिले आणि 8 ऑगस्ट 1961 ला देह ठेवेपर्यंत त्यांनी कशाचाच हिशेब ठेवला नाही, त्या गावात नाना राहतात. गावाने तेही सांभाळून घेतलं आहे.

मी उतरतो तो नानांकडेच. तानसेच्या बाजूला त्यांचं कौलारू घर आहे, त्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या, मागे गोठा. खोलीचं भाडं काकू ठरवतात. नाना ठरवायला लागले तर चौरस फुटावर येतील आणि पाहुणा वज्रेश्वरीला जाईल, असं काकूंचं मत आहे.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या मुलाने छपरावर सोलर पॅनल बसवले आणि जिन्याखालच्या कपाटात 150 अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर ठेवून दिला. पावसाळ्यात वीज गेली तरी आईबाबा उकाड्यात बसू नयेत, एवढाच त्याचा साधा हेतू. मुलगा कल्याणला परत गेला आणि नाना इन्व्हर्टरसमोर स्टूल टाकून बसले. इन्व्हर्टरवर तीन दिवे होते. हिरवा, पिवळा, लाल.

“हे काय आहे?” नानांनी मला फोन केला. “बॅटरी आहे की चौकातला सिग्नल? किती आली, किती गेली, काही पत्ता नाही. नुसता हिरवा. हिरवा म्हणजे किती?”

आठवड्याभरात ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. डीसी पॉवर मीटर घेऊन आले. बोटभर लांबीची काळी डबी, निळी पाटी, तिच्यावर चार आकडे: व्होल्ट, अँपिअर, वॉट, वॉट-तास. आणि सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत शंट.

शंट दिसायला अगदी गरीब असतो. पितळेचे दोन ठोकळे, मध्ये एक करडी पट्टी. ठोकळ्यांवर दोन मोठे बोल्ट, आतल्या बाजूला दोन बारके स्क्रू. काकूंना तो तुटलेल्या कडीसारखा वाटला. पण नानांनी मला त्याचं जे माहात्म्य सांगितलं ते मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं नीट ऐकलं नव्हतं.

“हे बघ. पाटातून पाणी चाललंय. किती चाललंय ते मोजायचंय. सगळं पाणी घागरीत घालून मोजशील का? घागर फुटेल. मग काय करायचं, पाटात एक जरासा अडसर ठेवायचा. अडसराच्या अलीकडे पाणी बोटभर चढतं, पलीकडे बोटभर उतरतं. तो बोटभर फरक मोजायचा. पाणी जास्त, तर फरक जास्त. सगळा करंट या पट्टीतून जातो, आणि मीटर बसतो बाजूला, नुसता तो बोटभर फरक बघत. शंभर अँपिअर गेले की फरक 75 मिलिव्होल्ट. म्हणजे पट्टीचा रोध किती?”

मी फोनमधला कॅल्क्युलेटर उघडायला लागलो.

“पाऊण!” नाना ओरडले. “पाऊण मिलिओहम. अरे, पाऊणकी शिकला नाहीत का तुम्ही?”

ती पट्टी मँगनिनची असते, म्हणजे तांबं, मँगनीज आणि निकेल यांची. साधं तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि माप बिघडतं. मँगनिन तापलं तरी फारसं बदलत नाही. एडवर्ड वेस्टन नावाच्या माणसाने ते 1892 मध्ये काढलं. हे साल मी नानांना सांगितलं आणि ते क्षणभर गप्प झाले. कारण मुंबईला पाणी पाजणारं तानसेचं धरण पुरं झालं तेही 1892 लाच. “एका साली पाणी अडवलं आणि त्याच साली वीज मोजायची सोय झाली,” नाना म्हणाले, आणि दोन्ही गोष्टी जणू त्यांच्याच खात्याने केल्यासारखे मिशीत हसले.

पुढचा इतिहास जरा वेगाने सांगतो, कारण त्यात धूर आहे.

पट्टीच्या कडेला करवतीने घातल्यासारखी एक खाच होती. रोध नेमका जमावा म्हणून कारखान्यात ती मुद्दाम पाडतात. नानांना तो मालातला दोष वाटला. त्यांनी सोल्डरिंग गन तापवून खाच कथलाने बुजवली आणि वरून कानस मारली. शंट देखणा झाला आणि मापातून उठला. आता तो खरं त्यापेक्षा कमी सांगू लागला असता, पण ती वेळ आलीच नाही. नानांनी तो लावला बॅटरीच्या लाल बाजूला. त्यांचा तर्क सरळ होता: पैसे मोजायचे तर तिजोरीतून बाहेर पडताना मोजावेत. पण या स्वस्त मीटरच्या पोटात मोजायची बारीक तार आणि त्याची स्वतःची ऋण तार एकमेकींना जोडलेल्या असतात. शंट धन बाजूला लावला की त्या केसाएवढ्या तारेतून बॅटरीची धन आणि ऋण समोरासमोर येतात. कपाटातून धूर निघाला. काकूंनी देवघरातली घंटा वाजवली, ही त्यांची आग लागल्याची खूण आहे.

दुसरा मीटर आणला, दुसरा शंट आणला. तो काळ्या बाजूला बसला. “म्हणजे पैसे खर्च होऊन परत आल्यावर मोजायचे,” नाना कडवटपणे म्हणाले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या पद्धतीचा खरं तर सराव असायला हवा होता.

आणि मग घरात दुप्पट युग सुरू झालं.

तीन पंखे लागले की मीटर 480 वॉट दाखवी. नाना रात्री जेवताना आकडे वाचून दाखवत. “एक पंखा 160 वॉट! हा पंखा आहे की पिठाची गिरणी?” पहिल्या आठवड्यात माजघरातला दिवा गेला. दुसऱ्या आठवड्यात काकूंचा मिक्सर बॅटरीवरून हद्दपार झाला आणि चटणी पाट्यावर आली. तिसऱ्या आठवड्यात नानांनी भिवंडीहून कमी विजेवर चालणारे तीन नवे पंखे आणले, पेन्शनच्या पैशातून. मग मीटर 180 वर आला आणि नानांनी मला तिथल्या तिथे फोन लावला. “तीनशे वॉट वाचवले! मोजलं म्हणून कळलं!”

नवे पंखे प्रत्येकी 30 वॉटचे होते. तीस त्रिक नव्वद. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वाचायचा चष्मा लावून कपाटात डोकं घातलं. शंटच्या ठोकळ्यावर मुंगीच्या अक्षरात कोरलं होतं: 50 अँपिअर, 75 मिलिव्होल्ट. मीटर होता 100 वर लावलेला. त्याला वाटत होतं आपल्यासमोर पाऊण मिलिओहम आहे. प्रत्यक्षात होता दीड. पाऊणकीच्या जागी दिडकी आली की सगळं दुप्पट होतं. जुने पंखे मुळात 80 वॉटचे, बाजारात मिळतात तसे बरे, निरुपद्रवी होते. ते तोवर भंगारात गेले होते.

मला वाटलं नाना खचतील. ते स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटू लागले. मी घाबरून काकूंना हाक मारणार, एवढ्यात ऐकू आलं: एक दिडके दीड, दोन दिडके तीन, तीन दिडके साडेचार. “बरोबर आहे,” डोळे उघडून ते म्हणाले. “मीटर चुकला नव्हता. त्याला चुकीचं सांगितलं होतं.” मीटरवरचं बटण दाबून धरलं की तो 100 चा 50 होतो, हे पत्रकात लिहिलेलं होतं. नानांनी महिनाभर ते दाबलं नाही. प्रत्येक आकडा मनात निम्मा करण्यात त्यांना फार सुख मिळत होतं.

या माणसाला कंजूष म्हणणं अन्याय होईल. कंजूष माणूस पैसा वाचावा म्हणून मोजतो. मोजण्यासाठी नानांनी दोन मीटर, दोन शंट, तीन पंखे, एक मल्टिमीटर, बॅटरीच्या आम्लाची घनता बघायचा एक हायड्रोमीटर आणि एक दोनशे पानी वही घेतली. यात जेवढे रुपये गेले त्यात पाच वर्षांचं वीजबिल भरून वर पेढे वाटता आले असते. हे मी त्यांना एकदा बोललो. त्यांनी तो आकडाही वहीत लिहून घेतला.

वही म्हणजे नानांचा सातबारा. तारीख, रात्री दहाचं व्होल्टेज, सकाळी सहाचं व्होल्टेज, वॉट-तास, शेरा. प्रयोग शुद्ध राहावा म्हणून रात्री दहा ते सहा बाहेरची वीज ते स्वतः बंद करतात, म्हणजे घर फक्त बॅटरीवर. भारनियमन सरकारने बंद केलं तरी नानांनी ते घरात चालू ठेवलं आहे.

गेल्या श्रावणात या वहीत एक चोर शिरला.

मीटर सांगे, रात्रीत 450 वॉट-तास गेले. बॅटरी 1800 ची, म्हणजे पाव भाग गेला. सकाळी सगळं बंद करून मोजलं तर 12.4 व्होल्ट असायला हवेत. दिसत 12.1. तेवढं व्होल्टेज म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी. उरलेला पाव भाग कुठे गेला? शेऱ्याच्या रकान्यात नानांनी लाल शाईने लिहिलं: घट, कारण अज्ञात.

आधी संशय शंटवर. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्यांनी शंटच्या दोन टोकांना काड्या लावल्या. शून्य. “शंट शॉर्ट झालाय!” नाना पहिल्या एसटीने निघाले आणि दुपारी लॅमिंग्टन रोडच्या दुकानात शंट बदलून मागत उभे राहिले. हातातल्या मल्टिमीटरला काड्यांचा स्वतःचा रोधसुद्धा धड कळत नाही, त्याला दीड मिलिओहम कुठून कळणार? त्याला चांगला शंट शून्यच दिसतो. दुकानदाराने शांतपणे ढिगातले वीस शंट काढून मांडले आणि नानांना एकेक मोजायला दिला. वीसही शून्य. नानांनी वीसही मोजले, हे मुद्दाम सांगतो. त्यांना एकविसाव्याची आशा होती.

मग संशय गणेशपुरीच्या हवेवर. गंधकाच्या वाफेने तांबं-पितळ काळं पडतं हे खरंच आहे. नानांनी टर्मिनल आणि शंट सोडवले आणि काकूंच्या समईबरोबर चिंच लावून घासले. शंट सोन्यासारखा झाला आणि परत जोडताना नानांनी मोजायच्या बारीक तारा बारक्या स्क्रूऐवजी मोठ्या बोल्टखाली दाबल्या. आता पट्टीच्या रोधात बोल्टच्या सांध्याचा रोध मिसळला आणि आकडा हवा तसा उड्या मारू लागला. पंखा एकच, पण बोल्ट हलवला की मीटर कधी 40 सांगे, कधी 70. हे वज्रेश्वरीहून येणाऱ्या वायरमनच्या पोराने एका नजरेत ओळखलं. “नाना, बारीक तारा बारक्या स्क्रूला. मोठ्या बोल्टचं काम वेगळं.” नानांनी त्याला कसं कळलं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, “नायतर बारके स्क्रू दिले कशाला असते?” एवढं बोलून पोरगं काकूंकडे बघून हसलं आणि चहा न घेता निघून गेलं. ते हसणं मी तेव्हा नोंदवलं नाही. नानांनीही नाही, वहीत हसण्याचा रकाना नव्हता.

तारा जागेवर आल्या, आकडा स्थिर झाला, चोर तसाच राहिला. 450, आणि सकाळी 12.1.

शेवटी मी नानांना म्हटलं, शेताची हद्द सापडत नसेल तर तुम्ही काय करता? “सगळे दगड उपटून पहिल्यापासून मोजतो.” मग उपटा.

रात्री अकरा वाजता आम्ही कपाट उघडलं. बाहेरची वीज नानांनी दहालाच बंद केली होती. मी शंटचा घराकडचा बोल्ट सोडवला आणि जाड काळी तार बाहेर काढली. घर अंधारलं, पंखे थांबत थांबत थांबले. मीटरवर 12.6 व्होल्ट, अँपिअर आणि वॉट दोन्ही शून्य. बॅटरीतून आता एक थेंब बाहेर जाता कामा नये. तानसेच्या बाजूने बेडकं ओरडत होती.

“पूर्ण शून्य,” नाना कुजबुजले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

आणि त्या शून्यात मागून आवाज आला. घुर्र.

आम्ही मागच्या दाराशी गेलो. सगळं गाव झोपलेलं, आमच्या घरात मिट्ट काळोख, आणि गोठ्यात लख्ख उजेड. आठच दिवसांपूर्वी व्यालेली गाय मजेत रवंथ करत बसलेली. तिच्या कुशीत वासरू. वर आढ्याला बारा व्होल्टचा पंखा डास हाकत गरगरत होता, शेजारी एक दिवा. पंखा आणि दिवा मिळून पावणेतीन अँपिअर, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. तिथल्या तिथे नानांचं गणित जुळलं; ते मला त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून दिसलं.

नाना गोठ्यात कधी फिरकत नाहीत. एकदा गायीच्या धारेचं माप दर मिनिटाला किती पडतं ते बघायला घड्याळ घेऊन गेले होते, तेव्हा तिने त्यांना एकच लाथ, पण मोजून मारली होती.

तारेचा माग उलटा काढत आम्ही कपाटात परत आलो. टॉर्चच्या उजेडात ती दिसली. बारीक काळी तार, शंटच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर. शंटला तिचा पत्ताच नव्हता. परतणारा सगळा करंट शंटच्या दारातून यावा आणि शंटने तो मोजावा, हा नियम. ही तार मागच्या दाराने येत होती. दोन महिने नाना रोज त्या कपाटात डोकं घालत होते आणि ती तार त्यांच्या नाकाला लागत होती. पण नाना बघत होते मीटरकडे.

मागे कंदील घेऊन काकू उभ्या होत्या.

“पोराकडून मीच बसवून घेतली,” काकू म्हणाल्या. “तुमच्या पट्टीतून घेतली असती तर उद्यापासून गायीला किती वॉट, वासराला किती वॉट, रोज जेवताना ऐकावं लागलं असतं. चटणी पाट्यावर वाटते ना मी? वाटते. दिवा काढलात, काढू दिला. गोठ्यातलं मोजायचं नाही.”

“अगं, पण हिशेब...”

“तुमचा हिशेब तुमच्या पट्टीपलीकडे. ही तार अलीकडची.”

भूकरमापकाला हद्द दाखवून दिल्यावर तो बोलत नाही, हे नानांच्या खात्याचं शील असावं. त्यांनी माझ्या हातून पाना घेतला, जाड तार शंटला परत जोडली, बोल्ट आवळला, बारीक तारेला हातसुद्धा लावला नाही. पंखे हळूहळू फिरू लागले. मीटरवर पुन्हा वॉट आले.

सकाळी मी कुंडावर जायला निघालो तेव्हा नाना ओट्यावर वही घेऊन बसले होते. 12.1 लिहून झालं होतं. शेऱ्याच्या रकान्यात मागच्या दोन महिन्यांचं “अज्ञात” त्यांनी पट्टी धरून एकेक ओळ खोडलं होतं, आणि प्रत्येक ओळीत, लाल नाही, निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात नवा शेरा भरत चालले होते: घट, कारण सौ.